एनजीएफ देऊनही पीसी-१२ पेशी मरतात, फॉस्फो-एक्टचा बँड येत नाही

प्रश्न – सांगली_बायोटेक

नमस्कार. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पीसी-१२ पेशींवर (रॅटच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीतल्या पेशी) काम चालू आहे. सीरम काढलं की पेशी मरतात आणि एनजीएफ (चेतापेशींचा वाढघटक) दिलं की तगतात, हे दाखवून त्यामागचा सिग्नल पकडायचा आहे. एनजीएफ ५० नॅनोग्रॅम प्रति मिली देतोय, तरी ४८ तासांनी दोन्ही वेलमध्ये सारखीच पडझड. वेस्टर्न ब्लॉटवर एकूण एक्ट (पेशी तगवणारं कायनेज, म्हणजे फॉस्फेट चढवणारं एन्झाइम) ६० किलोडाल्टनला ठळक, पण फॉस्फो-एक्ट सेरीन ४७३ची, म्हणजे त्या सेरीनवर फॉस्फेट बसलेल्या एक्टची, जागा कोरी. एनजीएफ साध्या आरपीएमआय माध्यमात पातळ करून फ्रिजमध्ये ठेवलंय. सॅम्पल २४ तासांनी घेतो, ब्लॉकिंग दूध पावडरमध्ये, लायसिस बफरमध्ये सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट आहे. दोष कुठे शोधू?

उत्तर – कृष्णाकाठ, कराड

पहिला संशय एनजीएफच्या साठ्यावर. इतकं पातळ प्रथिन प्लास्टिकच्या भिंतीला चिकटून बसतं. तुम्ही ५० टाकता, पेशींना किती पोचतं कोण जाणे. स्टॉक १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली ठेवा, त्यात ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घाला, १०-१० मायक्रोलिटरच्या ट्यूबा करून उणे ८०ला टाका. वितळवलेली ट्यूब परत गोठवायची नाही. ५ मिली माध्यमाला २.५ मायक्रोलिटर पुरतं, आणि पातळ केलेलं त्याच दिवशी संपवायचं.

दुसरं, वेळ. एनजीएफ पेशीवरच्या ट्रक-ए रिसेप्टरला बसलं की रिसेप्टरच्या जोडीतले दोघे एकमेकांच्या टायरोसीनवर फॉस्फेट चढवतात. तिथून पीआय-३ कायनेज जागं होतं, पेशीपटलात पीआयपी३ हा मेद तयार होतो आणि एक्ट तिकडे ओढला जातो. मग पीडीके-१ त्याच्या थ्रिओनीन ३०८वर आणि एमटॉरसी-२ सेरीन ४७३वर फॉस्फेट बसवतं. हे सगळं मिनिटांत उरकतं. २४ तासांनी सॅम्पल घेतलं तर सिग्नलची उंची हुकणारच. ०, ५, १५, ३०, ६० मिनिटं अशी मालिका लावा. आधी चारेक तास सीरमशिवाय ठेवा, कारण सीरममधले वाढघटकही एक्ट चेतवतात.

एका डिशला १०० नॅनोमोलर इन्शुलिन १० मिनिटं द्या. इन्शुलिनने बँड आला आणि एनजीएफने नाही, तर खोट एनजीएफमध्ये किंवा ट्रक-एमध्ये. दोन्हींनी नाही आला, तर बफर आणि ब्लॉट तपासा.

उत्तर – अजिंक्यतारा, सातारा

व्हॅनाडेट टायरोसीनवरचे फॉस्फेट राखतं. तुम्हाला हवा आहे सेरीनवरचा! तो काढणारी एन्झाइमं वेगळी. त्यासाठी सोडियम फ्लोराइड ५० मिलीमोलर आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलीमोलर घालाच. त्याहून खात्रीचा मार्ग: डिश बर्फावर, थंड टीबीएस बफरने एक झटपट धुणं, आणि थेट उकळता एसडीएस सॅम्पल बफर ओतून खरवडणं. सगळी एन्झाइमं जागच्या जागी निकामी होतात.

व्हॅनाडेटही नीट चेतवलेलं असावं लागतं. २०० मिलीमोलर द्रावण पीएच १०ला आणलं की पिवळं होतं. रंग जाईपर्यंत उकळायचं, थंड करून पीएच पुन्हा १० करायचा, आणि पिवळेपणा येईनासा होईपर्यंत हेच. पिवळं द्रावण तसंच वापरलं तर उपयोग नाही. ईडीटीए आणि डीटीटीनेही ते निकामी होतं.

दूध बंद करा. केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे. ५ टक्के बीएसए, टीबीएसटीमध्ये.

एनजीएफ जिवंत आहे का हे पाहायची जुनी कसोटी अजूनही उत्तम. ८ दिवसांच्या कोंबडीच्या भ्रूणातलं पाठीचं गँग्लियॉन (चेतापेशींचा गुच्छ), १० नॅनोग्रॅम प्रति मिली, २४ तास. एनजीएफ चांगलं असेल तर गँग्लियॉनभोवती तंतूंचं दाट वलय दिसतं. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६चं नोबेल ज्या शोधासाठी मिळालं, तो अशाच गँग्लियॉनवर उभा राहिला. विट्याकडे पोल्ट्री पुष्कळ, पण लेअरची अंडी फलित नसतात. हॅचरीतून घ्या.

सांगली_बायोटेक

खूप आभार, सर. पेशी तगते ती एक्टमुळे की ईआरकेमुळे (एनजीएफने चालू होणारं दुसरं कायनेज), हे वेगळं कसं करू? आणि जिवंत पेशी मोजायला एमटीटी ही रंगचाचणी पुरेल का?

उत्तर – कृष्णाकाठ, कराड

एलवाय२९४००२ (पीआय-३ कायनेज अडवणारं) २० मायक्रोमोलर आणि यू०१२६ (ईआरकेची वाट अडवणारं) १० मायक्रोमोलर, वेगवेगळ्या वेलमध्ये, एनजीएफच्या अर्धा तास आधी. ती विरघळवणारं डीएमएसओ सगळीकडे सारखं, ०.१ टक्क्याच्या आत. पीसी-१२मध्ये एलवायने एनजीएफ असूनही पेशी मरतात. यू०१२६ने मुख्यतः तंतू फुटायचे थांबतात. एलवाय एमटॉरलाही अडवतं, म्हणून एकट्या त्याच्यावर निष्कर्ष टेकवू नका.

कारण असं. मरणाची यंत्रणा पेशीत तयारच असते, सिग्नल तिला सतत दाबून धरतो. एक्ट बॅड या मारक प्रथिनाच्या सेरीन १३६वर फॉस्फेट बसवतो आणि १४-३-३ प्रथिन त्याला अडकवून ठेवतं. जनुकं चालू करणारा फॉक्सओही केंद्रकाबाहेर राहतो, त्यामुळे बिम हे दुसरं मारक प्रथिन वाढत नाही. ईआरकेकडून आरएसके हे कायनेज चालू होतं, ते बॅडच्या सेरीन ११२वर आणि क्रेब या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाच्या सेरीन १३३वर काम करतं. सिग्नल सुटला की बॅक्स हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियाला भोकं पाडतं, सायटोक्रोम-सी बाहेर पडतं, कॅस्पेज-९ आणि मग कॅस्पेज-३ ही प्रथिनं कापणारी एन्झाइमं चालू होतात.

एमटीटी एकटं नको. ते चयापचय मोजतं, आणि एनजीएफने पेशी मोठी होऊन तोही वाढतो. कापलेल्या कॅस्पेज-३चा १७ किलोडाल्टनचा बँड बघा, सोबत होएक्स्ट या डीएनएच्या रंगाने रंगवून आकसलेली, तुकडे पडलेली केंद्रकं मोजा. आणि माध्यम फेकू नका, ताई किंवा दादा जे असाल ते! पीसी-१२ डिशला मुळात सैल धरून असतात, मेलेल्या तर तरंगतात. ते माध्यम सेंट्रिफ्यूज करून गोळा त्याच सॅम्पलमध्ये मिसळा, नाहीतर मेलेल्या पेशी सिंकमध्ये जातील आणि आकडे छान दिसतील. डिशला कोलॅजनचा लेप द्या.