ठाण्याची लोकरगिरणी कोकणात का निघाली?

प्रश्न – खाडीकाठचा

कोकणात लोकरीचे कपडे घालावेत अशी थंडी पडत नाही, आणि एवढ्या पावसात मेंढ्याही टिकत नाहीत. तरीही १९०० च्या सुमारास ठाण्यात, म्हणजे तेव्हाच्या एका लहान गावात, वाडियांची लोकरगिरणी उभी राहिली आणि तीच पुढे ‘रेमंड’ झाली. हीच जागा का निवडली असावी? ‘दमट हवेमुळे’ असे उत्तर अनेकजण देतात, पण ते मला पुरेसे वाटत नाही.

उत्तर – सूतकताई

दमट हवेचा मुद्दा खोटा नाही. लोकर हवेतली ओल पुष्कळ शोषून घेते. हवा फार कोरडी असली की कातताना तंतूंमध्ये स्थिर वीज निर्माण होते, ते एकमेकांपासून फिसकटतात आणि सूत तुटू लागते. परंतु हवा हेच मुख्य कारण असते, तर कानपूरची ‘लाल इमली’ (१८७६) आणि पंजाबातील धारीवालची गिरणी या दोन्ही जुन्या लोकरगिरण्या कोरड्या उत्तर हिंदुस्थानात निघाल्या नसत्या. त्यांच्या जवळ लष्करी छावण्या होत्या, हे अधिक महत्त्वाचे.

मेंढ्यांविषयी थोडी भर घालतो. घाटावरचे धनगर पावसाळा सरल्यावर कळप घेऊन कोकणात उतरतात आणि खतासाठी शेतकरी त्यांच्या मेंढ्या भातखाचरांत बसवतात, त्यामुळे कोकणाला मेंढी अगदीच परकी नाही. मात्र दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी आणि बहुतांशी काळी असते. तिची घोंगडी उत्तम होते, सुटाचे कापड होत नाही. त्यासाठी मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ, बारीक लोकर लागते, आणि ती ऑस्ट्रेलियाहून जहाजाने येते. ठाणे मुंबई बंदराच्या जवळ होते आणि १८५३ पासून रेल्वेने मुंबईला जोडलेले होते. माझ्या मते खरे उत्तर इथे आहे.

उत्तर – जेकेग्राम

वरील विवेचनात एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. सुटाचे कापड ही नंतरची गोष्ट आहे. ससून घराण्याने गिरणी घेतली, १९२५ मध्ये ‘रेमंड वूलन मिल्स’ या नावाने कंपनी नोंदली गेली, आणि १९४४ मध्ये ती कैलाशपत सिंघानिया यांच्याकडे आली. तोवर गिरणीचा मुख्य माल म्हणजे स्वस्त, जाड कांबळी आणि थोडेसे कमी किमतीचे लोकरी कापड. कांबळ्याचे सूत पिंजलेल्या लोकरीचे असते, त्यात आखूड तंतूही चालतात. सुटाच्या वर्स्टेड कापडासाठी मात्र लोकर विंचरून आखूड तंतू काढून टाकावे लागतात आणि लांब तंतू एकमेकांना समांतर करावे लागतात. म्हणजे यंत्रेही वेगळी आणि कारागिरीही वेगळी. सिंघानियांनी नवी यंत्रसामग्री आणली, १९५८ मध्ये बॅलार्ड इस्टेटला स्वतःचे दुकान उघडले, आणि त्यानंतरच्या काळात टेरीवूलचा (लोकर आणि पॉलिएस्टर यांच्या मिश्र कापडाचा) सूट शिवणे ही मध्यमवर्गीय लग्नातली ठरलेली बाब झाली. (मे महिन्यातल्या लग्नात तो अंगावर वागवणाऱ्या नवरदेवांविषयी मला नेहमीच सहानुभूती वाटत आली आहे.)

उत्तर – चिपळूणकर

बंदर आणि रेल्वे यांच्याबरोबर माणसांचाही विचार करायला हवा. रत्नागिरी जिल्ह्यातून बोटीने मुंबईला जाऊन गिरणीत लागणे ही आमच्याकडे कित्येक पिढ्यांची रीत होती. माझे मामा ठाण्यात याच गिरणीत होते आणि शिमग्याला व गणपतीला रजा टाकून गावी येत. पुढे जळगाव, छिंदवाडा आणि वापी येथे कंपनीचे कारखाने निघाले. ठाण्यात गावाबाहेरची म्हणून घेतलेली जागा तोवर शहराच्या मध्यात आली होती. २००९ च्या सुमारास ठाण्यातले कापड-उत्पादन बंद झाले. २०१९ मध्ये तिथली सुमारे २० एकर जमीन जवळपास ७०० कोटी रुपयांना विकली गेली आणि उरलेल्या भागात कंपनीनेच घरबांधणी सुरू केली. त्यामुळे गिरणी तोट्यात गेली म्हणून बंद पडली एवढेच म्हणून थांबणे मला योग्य वाटत नाही; एकरी पस्तीस कोटी मिळू शकतील अशा जागेवर माग चालवणे कोणत्याही मालकाला कठीणच गेले असते.

खाडीकाठचा

आभारी आहे. १९४४ पूर्वीची कांबळी कोणी जपून ठेवली असल्यास त्यांची वीण आणि रंग यांविषयी अवश्य लिहावे.