शब्दचर्चा : 'सभासद' कुणाला म्हणायचं?

प्रश्न : सोलापुरातल्या आमच्या चर्चच्या स्मरणिकेत शहरातल्या सगळ्या पंथांची संख्या एका तक्त्यात द्यायची आहे. सर्वांसाठी 'सभासद' हा शब्द चालेल ना?

उत्तर : ताई, नका करू असं. तक्ता दिसेल नीटनेटका, पण आकडे एकमेकांशेजारी बसणार नाहीत.

एक घर घ्या. आजी, आई-वडील, आठ वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा. कॅथलिक असतील तर पाचही जण मोजले जातात. तान्हेपणी स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, झाला की नाव लागलं, पुढे माणूस चर्चला फिरकला नाही तरी ते राहतं. हेच घर बॅप्टिस्ट असेल तर तीनच. स्वतः विश्वास कबूल करून बाप्तिस्मा घेतल्याशिवाय सभासद नाही, मग ती मुलगी दर रविवारी पुढच्या बाकावर का बसेना. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकी मिशनरी संस्थेच्या वळणाच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेणारे वेगळे आणि घरची एकूण माणसं वेगळी मोजायची रीत होती. तिथे एकाच घराचे दोन आकडे, तीन आणि पाच, आणि दोन्ही खरे.

त्यात १९७० साली नागपुरात सहा पंथांची चर्च एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च झालं. त्यात बालबाप्तिस्मा देणारे आले, न देणारेही आले. जुना आकडा नव्याशी जुळवताना हे विसरू नका.

प्रश्न : मग सरळ 'मंडळी' लिहू?

उत्तर : तो तर आणखी फसवा! 'शंभर मंडळी' म्हणजे शंभर माणसं, 'शंभर मंडळ्या' म्हणजे शंभर चर्च. एक जोडाक्षर गळालं की हजारोंचा फरक. मुद्रितं मी स्वतः तपासून देईन.

जनगणनेशीही ताळा करू नका. २०११ला राज्यात १०,८०,०७३ ख्रिस्ती नोंदले गेले, पण तिथे माणूस स्वतःचा धर्म सांगतो. कुठल्या चर्चच्या पटावर नाव आहे, हे कुणी विचारत नाही. आणि पटाचंही ऐका. मी नोकरीसाठी पुण्याला गेलो, तिथल्या चर्चमध्ये नाव लावलं. काही वर्षांनी इथलं रजिस्टर पाहिलं, तर माझं नाव तसंच, शेऱ्याचा रकाना कोरा. म्हणजे तेवढी वर्षं मी दोन्हीकडे मोजला गेलो.

तक्त्यात तीन रकाने करा : 'बाप्तिस्मा झालेले', 'प्रभुभोजन घेणारे', 'कुटुंबं'. ज्या चर्चकडे जो आकडा असेल तो त्याच रकान्यात, बाकी जागा मोकळी सोडा. बेरीज मात्र घालू नका.