व्हिडिओ रिमोट इंटरप्रिटिंगला मराठीत काय म्हणायचं?

शब्दखूळ: एका हॉस्पिटलच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय आणि 'व्हिडिओ रिमोट इंटरप्रिटिंग'वर अडलेय. पेशंट बहिरा, तो आणि डॉक्टर एकाच खोलीत, आणि सांकेतिक भाषेचा दुभाषी भलतीकडेच कुठेतरी बसून टॅबच्या स्क्रीनवर दिसतो, अशी ती सोय. आधी कोणीतरी 'दूरस्थ दृक्श्राव्य भाषांतर' असं करून ठेवलंय, ते वाचून मलाच काही कळेना तर आजारी माणसाला काय कळणार. सुचवा काहीतरी.

वाटसरू: भाषांतर तर पहिलं काढा. ते कागदावरचं, निवांत बसून केलेलं. बोलणं चालू असताना इकडचं तिकडे पोचवणारा तो दुभाषी, चांगला रुळलेला शब्द आहे. 'टेलि-दुभाषी सेवा' कसं वाटतं? आणि 'सांकेतिक भाषा'ऐवजी सरळ खाणाखुणा म्हणा की, सगळ्यांना कळतं.

निळी शाई: टेलि नको हो, टेलिमेडिसिनमुळे टेलि म्हटलं की डॉक्टरच लांब बसलाय असं वाटतं. इथे लांब आहे तो फक्त दुभाषी. अमेरिकेत याच फरकावर दोन वेगळ्या सेवा आहेत, व्हीआरएस, म्हणजे व्हिडिओ रिले सर्व्हिस, आणि व्हीआरआय, म्हणजे आपलं हे व्हिडिओ रिमोट इंटरप्रिटिंग (इथे व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती नव्हे, बँकवाल्यांनी दचकू नये). व्हीआरएस म्हणजे फोन कॉल, बहिरा माणूस एकीकडे, ऐकू येणारा दुसरीकडे, मध्ये दुभाषी, आणि खर्च त्यासाठीच्या वेगळ्या फंडातून. दोघं एकाच खोलीत असतील तर ती वापरता येत नाही, तिथे व्हीआरआय, आणि त्याचे पैसे हॉस्पिटलने भरायचे. त्यामुळे शब्द ढिसाळ ठेवला तर बिल कोणाचं इथपर्यंत घोळ होतो.

अर्धविराम: @वाटसरू खाणाखुणा नको, कळकळून सांगतो. खाणाखुणा आपण गर्दीत लांबून एकमेकांना करतो त्या. सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण असतं आणि त्यातलं बरंचसं चेहऱ्यावर असतं, म्हणजे अमेरिकन सांकेतिक भाषेत हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर भुवया वर जातात, आणि काय-कुठे-का विचारायचं असेल तर खाली येतात, आता स्क्रीनवर चेहरा धूसर झाला तर डॉक्टर विचारतोय का सांगतोय हेच कळणार नाही. म्हणून तर तिथल्या न्याय खात्याच्या २०१० च्या नियमात स्पष्ट लिहिलंय की दुभाषी आणि पेशंट दोघांचेही चेहरा, दंड, हात, बोटं नीट दिसली पाहिजेत, पेशंट कसाही बसलेला-पडलेला असला तरी, चित्र अडखळता कामा नये आणि यंत्र लावणाऱ्यांना ते पटकन जोडता आलं पाहिजे. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं! कॅमेरा छताकडे वळवून ठेवला तर दुभाषी कितीही हुशार असून काय उपयोग.

निळी शाई: आणि पेशंट पालथा असेल, हाताला सलाइन असेल, दिसायलाही कमी असेल किंवा बाळंतपण चालू असेल तर स्क्रीन कुचकामीच. तिथे माणूस समोर हवा. पत्रकात दोन्हीसाठी शब्द लागतील, जोडीने विचार करा.

शब्दखूळ: हे डोक्यातच आलं नव्हतं. मग 'दूरस्थ दुभाषी' आणि 'प्रत्यक्ष दुभाषी'?

अर्धविराम: प्रत्यक्ष ठीक, दूरस्थ काढाच. सांकेतिक भाषेत वाढलेल्या बऱ्याच जणांची पहिली भाषा तीच असते, लिहिलेली मराठी ही दुसरी, शाळेत शिकलेली. त्यांच्यासाठीच्या कागदावर शासकीय मराठी कशाला? 'व्हिडिओ कॉलवर दुभाषी' लिहा, व्हिडिओ कॉल सगळ्यांनाच माहितीये. शक्य असेल तर हाच मजकूर सांकेतिक भाषेत रेकॉर्ड करून त्याचा क्यूआर कोड द्या. आणि 'मूकबधिर' असेल कुठे तर तेही बदला, कर्णबधिर करा. त्यातलं 'मूक' अनेकांना खटकतं, आणि बरोबरच आहे, जो दोन्ही हातांनी धडाधड बोलतोय तो मूक कसला.

वाटसरू: पटलं, खाणाखुणा मागे घेतो. पण दुभाषी का दुभाष्या?

निळी शाई: दुभाषी. दुभाष्या म्हटलं की पुरुषच डोळ्यापुढे येतो. आणि तपासणीच्या वेळी बाई दुभाषी मागायची सोय असेल तर ती ओळ वरच टाका, खाली बारीक अक्षरात नको.