मदत हवी आहे: करार कागदावर, रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) मात्र मॅनेजमेंटच्या मर्जीवर

मुंबई बेसवर को-पायलट आहे. कंपनीचं नाव नको. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) नियमानुसार जुलै 2025 पासून आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास झाली, ती मिळते. भांडण करारातल्या कलमांचं आहे. सुट्टीच्या आदल्या रात्री साडेअकराला ॲपवर टिंग वाजतं, ड्युटी! जादा भत्ता तीन महिन्यांपासून स्लिपवर नाही. मॅनेजमेंट म्हणतं 'ऑपरेशनल गरज'. युनियनवाले म्हणतात 'बोलणी चालू आहेत', पण बैठकीचं इतिवृत्त दाखवत नाहीत. (चहा मात्र दोघांचा एकत्रच होतो.) त्यामुळे पोरं ईमेलवर लिहायलाही कचरतात.

केंद्रीय कामगार आयुक्तांकडे कोणी गेलंय का? युनियनला डावलून एकट्याने तक्रार करता येते का? रोस्टरचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालतात?