'बिंदुवादी' समुद्र म्हणायचं का?

— मदत हवीये. झॉर्झ सरा या फ्रेंच चित्रकाराने 1885 च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ग्राँकाँला राहून छोट्या लाकडी फळकुटांवर ऑइलमध्ये चित्रं केली, त्यातल्या बेक द्यू ओकच्या कड्याच्या चित्राखाली मराठीत एक ओळ लिहायचीय. 'बिंदुवादी सागररेखाटन' चालेल?

— ताई, मला तर तिन्ही तुकडे खटकतायत. बिंदू म्हटलं की आपल्याला रांगोळीचा गोल ठिपका दिसतो, आणि याच कड्याचं मोठं चित्र लंडनच्या टेट कलासंग्रहालयात आहे ते झूम करून बघा, समुद्रात आडव्या बारीक रेघोट्याच रेघोट्या आहेत. सराच्या गटातल्या मंडळींनाही 'पॉइंटिलिझम' (म्हणजे बिंदुवाद) हे नाव आवडायचं नाही, त्यांच्यातल्याच पॉल सीन्याक या चित्रकाराने 1899 च्या पुस्तकात स्पष्ट सांगितलंय की आम्ही ठिपके देत नाही, रंग वेगळे ठेवतो. म्हणजे रंग पॅलेटवर कालवायचे नाहीत, निळ्याशेजारी नारिंगी तसाच सुटा ठेवायचा, की दोन्ही उजळतात (हे शेव्रलने 1839 मध्ये मांडलं, तो गोबलँच्या गालिचे विणायच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता).

— मग 'रंगविभाजन'?

— अर्थ बरोबर आहे पण वाचताना भूगोलाच्या पुस्तकासारखं वाटतं. मी साधं 'सुट्या रंगांचं' म्हणेन, कालवलेला आणि सुटा यातला फरक घरातल्या कुणालाही सांगावा लागत नाही. शैलीचं नाव हवंच असेल तर 'नवदृक्प्रत्ययवाद' आहे, फेनेआँ या कलासमीक्षकाने 1886 ला 'निओ-इम्प्रेशनिझम' हे जे नाव दिलं त्याचंच ते मराठी.

आता रेखाटन. त्यात रेघ आधी येते, इथे तर सगळा रंगच आहे. सरा स्वतः या फळकुटांना 'क्रोकेताँ' म्हणायचा, क्रोकी म्हणजे कच्चं चित्र, त्याचं लाडकं छोटं रूप. सुमारे 16 बाय 25 सेंटिमीटर, वहीच्या पानापेक्षा थोडं मोठं, पेटीत घालून नेता यायचं आणि जागेवर बसून रंगवता यायचं. याला आपल्याकडे 'टिपण' इतका नेमका शब्द दुसरा नाही! पाखरू दाणे टिपतं, टिपकागद शाई टिपतो, तसं हे जागच्या जागी उजेड टिपणं. आणि फ्रेंचमध्ये 'बेक' म्हणजे चोच, कड्याचं टोक तसंच पुढे आलंय, त्यामुळे मला हा शब्द अजूनच आवडला.

— वा. 'सुट्या रंगांतलं सागरटिपण' करते मग.

— 'सागर' काढा ना, चित्रात कडाच मुख्य आहे, समुद्र त्याच्या मागे पसरलाय. 'रंगटिपण' ठेवा.