डिचोलीतील घरासाठी सौरसंच: ऊर्जा विकास संस्था की वीज खाते?

डिचोलीवासी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वडिलोपार्जित घराचा पुढचा भाग मंगळुरी कौलांचा असून मागील बाजूस सुमारे पाचशे चौरस फुटांचा स्लॅब आहे. स्लॅबच्या दक्षिणेला दोन उंच माड आणि एक फणस आहे. घरात आम्ही सहाजण राहतो आणि महिन्याला सरासरी ३५० युनिट वीज लागते. गेल्या मे महिन्यात एका पुरवठादाराने दुपारी येऊन जागा पाहिली, सावलीची अडचण नसल्याचे सांगितले आणि ५ किलोवॅटचा संच सुचवला. अनुदानासाठी आधी गोवा ऊर्जा विकास संस्थेकडे जावे की वीज खात्याकडे, हे मला नीट उमगलेले नाही. शिवाय पावसाळ्यात आमच्या वाड्यावरची वीज वारंवार जाते, त्या वेळी घरात निदान पंखे आणि दिवे चालावेत, हाच संच बसवण्यामागचा माझा मुख्य हेतू आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

फोंड्याहून

आपला गोंधळ स्वाभाविक आहे, कारण या कामात दोन्ही यंत्रणांचा संबंध येतो. गोवा ऊर्जा विकास संस्था ही नवीकरणीय ऊर्जेसाठी राज्याची नोडल, म्हणजे समन्वय साधणारी, संस्था आहे. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या योजना राज्यात पोहोचवणे आणि लोकांना माहिती देणे हे तिचे काम. आपल्याकडे वीज वितरण मात्र कंपनीकडे नसून सरकारच्या वीज खात्याकडेच आहे, त्यामुळे जोडणी, तपासणी आणि नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारे मीटर) हे सारे खात्यामार्फत होते. घरगुती अनुदान सध्या २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून मिळते. त्यासाठी राष्ट्रीय पोर्टलवर आपल्या ग्राहक क्रमांकासह अर्ज करावा, नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच काम करून घ्यावे आणि खात्याची तपासणी होऊन संच सुरू झाल्यावर रक्कम थेट आपल्या बँक खात्यात जमा होते.

पहिल्या २ किलोवॅटपर्यंत प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये असे अनुदान आहे. म्हणजे ३ किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात आणि त्यापुढे संच कितीही मोठा केला तरी रक्कम तेवढीच राहते. पॅनेल आणि त्यातील सेल दोन्ही भारतात बनलेले असणे ही अट आहे, ती पुरवठादाराकडून लेखी घ्यावी. आपल्या वापराला ५ किलोवॅट मला जास्त वाटतात. चांगल्या उन्हाच्या दिवशी १ किलोवॅटमागे साधारण ४ युनिट धरले, तर ३ किलोवॅटचा संच महिन्याला ३५० युनिटांच्या आसपास पोहोचतो. पावसाळ्यात ही निर्मिती बरीच खाली येते, हे मात्र लक्षात ठेवावे.

सत्तरीतील रहिवासी

आपल्या मुख्य हेतूबद्दल मला स्पष्ट सांगावेसे वाटते, कारण आमच्या घरी हीच निराशा पदरी पडली. पुरवठादाराने सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. नेट मीटरवर चालणारा साधा संच बाहेरची वीज गेली की भर उन्हातही बंद पडतो. हा बिघाड नसून सुरक्षेची सोय आहे. तसे नसते तर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या लाईनमनपर्यंत आपल्या छपरावरची वीज पोहोचली असती. वीज गेल्यावरही दिवे-पंखे हवे असतील तर हायब्रीड इन्व्हर्टर (पॅनेल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि बॅटरी घ्यावी लागते. अनुदान मात्र पॅनेलच्या क्षमतेवर मिळते, बॅटरीवर नाही. बॅटरीवर दिवे, दोन-तीन पंखे आणि वायफाय एवढेच ठेवावे. विहिरीचा पंप सुरू होताना बराच प्रवाह ओढतो, म्हणून तो तिच्यावर ठेवू नये.

दुसरी गोष्ट सावलीची, आणि तिच्याबद्दल मला अधिक काळजी वाटते. गोव्यात मे महिन्याच्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे दक्षिणेच्या माडांची सावली स्लॅबवर पडलेली दिसणारच नाही. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवर असतो आणि पॅनेलपेक्षा दहा मीटर उंच माडाची सावली उत्तरेकडे सुमारे आठ मीटर येते. सकाळ-संध्याकाळी त्याहूनही लांब. पॅनेल एकामागोमाग जोडलेले असल्याने एकावर सावली पडली तरी त्या ओळीची निर्मिती घटू शकते. शक्य असेल तर डिसेंबरात सकाळी नऊ ते दुपारी तीनपर्यंत दर तासाला सावलीची रेघ खडूने आखून पाहावी आणि मगच पॅनेलची जागा ठरवावी. फणस तोडण्याची घाई करू नये. फांद्या छाटून किंवा पॅनेल उत्तरेच्या कडेला सरकवूनही काम भागते. कौलांवर पॅनेल बसवण्याचा आग्रह कुणी धरला तर नकार द्यावा, कारण जुन्या वाशांवर भार पडतो आणि एखादे कौल हलले तरी पावसात घर गळू लागते.

पेडणे किनारा

आमचे घर समुद्राजवळ असल्याने एवढेच सुचवतो, की सांगाडा चांगल्या प्रतीच्या गॅल्वनाइज्ड लोखंडाचा किंवा अॅल्युमिनियमचा आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. आपण किनाऱ्यापासून दूर असलात तरी पावसाळ्यातील दमट हवा गंजाला पुरेशी असते.

संच ठरवण्याआधी घरातील वापर मोजावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा सुमारे ३० वॅट. असे पाच पंखे दिवसाला बारा तास चालले तर ४.५ युनिटांऐवजी १.८ युनिट लागतात, म्हणजे महिन्याला ८० युनिटांहून अधिक बचत होते. फ्रिज घेताना वीजबचतीच्या लेबलवरचे केवळ तारे मोजू नयेत, ते लेबल कोणत्या वर्षांसाठी आहे हेही पाहावे, कारण निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या लेबलवरचे पाच तारे आज तेवढ्याच मोलाचे नसतात. वापर ३५० वरून २७० युनिटांवर आला तर लहान संचही पुरेल आणि बॅटरीवर तेच पंखे अधिक वेळ चालतील.

डिचोलीवासी

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. माडांची सावली मी खरोखरच मे महिन्याच्या हिशेबाने पाहत होतो. चतुर्थीपूर्वी पाचही पंखे बदलतो, डिसेंबरात स्लॅबवर खडूच्या रेघा आखतो आणि त्यानंतरच पोर्टलवर अर्ज भरतो. तोवर पुरवठादाराला आगाऊ रक्कम देणार नाही.