श्रावणानंतरही सामिष बंदच ठेवायचं, तर ताटात नेमकं काय बदलायचं?

पौडफाटा:
श्रावण संपला की घरात बुधवार-शुक्रवार-रविवार पुन्हा सुरू होईल. माझा विचार ते कायमचं सोडायचा आहे. माळ घातलेली नाही, डॉक्टरांनीही सांगितलेलं नाही. आपल्या जेवणासाठी जीव मारायला नको, एवढंच कारण. वजन 64 किलो, काम बैठं. आजवर आठवड्यातून तीनदा चिकन, मटण किंवा मासे आणि जवळपास रोज अंडी. श्रावणात काही त्रास झाला नाही, मग पुढेही होणार नाही असं धरायचं का? बी12 चं काय करायचं? आणि घरातले बाकी सगळे खाणारे असताना एकाच ओट्यावर हे कसं जमवायचं?
(धर्म काय सांगतो आणि माणसाचे दात कसे आहेत, या दोन चर्चांसाठी कृपया वेगळा धागा काढावा.)

हुलगा:
श्रावणावरून अंदाज बांधू नका. महिनाभर काहीही निभतं. त्यात उपासाचं ताट म्हणजे शाकाहाराचा सगळ्यात कच्चा नमुना. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य, खिचडीत जी काही असतात ती दाण्याच्या कुटाची.

आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2020 ची शिफारस किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं अशी आहे. तुमचे झाले 53. डाळी-कडधान्यांतली प्रथिनं मांसाच्या मानाने थोडी कमी पचतात, म्हणून 60 धरून चाला. आता बघा, दीडशे ग्रॅम बिनहाडाच्या चिकनमधून 30 ग्रॅम सहज मिळत होती. त्या जागी येते आपली पुणेरी पातळ आमटी. एका वाटीत कोरडी तूरडाळ जेमतेम 20 ग्रॅम, म्हणजे प्रथिनं चार-पाच. खड्डा पडतो तो इथे. पोट भरल्यासारखं वाटत नाही, मग तिसरी पोळी, वर भात, चारच्या चहाला खारी. वजन वाढतं आणि बोल लागतो शाकाहाराला.

पुरेसा दिवस साधारण असा दिसतो. सकाळी 40 ग्रॅम मुगाची धिरडी (9-10 ग्रॅम प्रथिनं). दुपारी दोन पोळ्या, 25 ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, 40 ग्रॅम मटकीची उसळ, वाटीभर दही (मिळून 26 च्या आसपास). संध्याकाळी मूठभर म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे (7). रात्री भाकरी-पिठलं आणि कपभर दूध (17-18). वजनं कोरड्या मालाची आहेत. पहिला आठवडा खरंच काट्यावर मोजा, नंतर वाटी-मुठीचा अंदाज बसतो.

कडधान्य एकदम वाढवलंत तर पोट फुगणार. त्यातल्या रॅफिनोजसारख्या शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचा गॅस करतात. आठ-दहा तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, मोड आणा. मूग-मटकीपासून सुरुवात करा, हरभरा, राजमा आणि वाल दोन-तीन आठवड्यांनी. पुण्यात एप्रिलमध्ये मटकीला 10-12 तासांत मोड येतात, डिसेंबरात पुरचुंडी बंद कुकरमध्ये दिवसभर ठेवावी लागते. पावसाळ्यात बुळबुळीत होऊन आंबूस वास येतो, कारण पाणी नीट निथळलेलं नसतं.

लोहासाठी उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला. चहातल्या टॅनिनमुळे वनस्पतींमधलं लोह कमी शोषलं जातं. मटणातल्या लोहाला याचा एवढा फरक पडत नव्हता.

लाल_पेशी:
बी12 बद्दल. यकृतात त्याचा साठा वर्षानुवर्षं पुरेल एवढा असतो, म्हणून श्रावणात काही झालं नाही हा पुरावाच नव्हे. आणि 'आपण खाणारे आहोत' या भरवशावरही राहू नका. आपल्याच पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या पुरुषांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यात साधारण तिघांतल्या दोघांचं बी12 कमी निघालं.

गोळी सुरू करायच्या आधी रक्त तपासा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी12, फेरिटिन (लोहाचा साठा). गोळी घेतल्यावर रक्तातला आकडा लगेच वर जातो आणि मूळ स्थिती कळत नाही. सीबीसीतला एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. बी12 कमी असेल तर पेशी मोठ्या होतात, लोह कमी असेल तर लहान. दोन्ही कमी असतील तर सरासरी बरोबर मधे येते! बी12 200 पिकोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर गाठा, तिथे स्वतःचा डोस स्वतः ठरवू नये.

आकडा चांगला असेल तर तो टिकवायला रोज 10 मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा 2000 पुरतात. हा फरक विचित्र वाटेल, पण एका वेळी आतड्यातून नेहमीच्या वाटेने दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जातात, उरलेल्यातला जेमतेम शंभरावा भाग झिरपतो. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) किंवा पॅन्टोप्राझोल (अॅसिडिटीची) चालू असेल तर शोषण आणखी कमी. कपभर दुधातून मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळतं. स्पिरुलिना, मशरूम, आंबवलेली इडली यांच्या नादी लागू नका.

आणि तुमचं कारण बघता एक गोष्ट: कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचं. गोळी मागा.

पाटावरवंटा:
बहुतेकांना आठवण येते ती वाटणाची. तेव्हा वाटण सोडू नका. चौघांसाठी दोन कांदे, वाटीभर सुकं खोबरं, 10-12 लसूण पाकळ्या, इंचभर आलं, मूठभर कोथिंबीर. खोबरं बदामी झालं की लगेच उतरवा, काळं पडलं तर रस्सा कडू होतो. मटणाची चरबी आणि हाडांचा चिकटपणा नसल्यामुळे हाच रस्सा पाणचट लागतो. त्यावर उपाय म्हणजे वाटणातच चमचाभर भाजलेले तीळ आणि चमचाभर डाळं. पाणी उकळतंच घाला, गारने तर्री मरते.

त्यात काय सोडायचं? फणसाची कुयरी आणि अळिंबी दाताखाली फसवतात छान, पण प्रथिनं शंभर ग्रॅमला दोन-तीन. रविवारी ठीक, रोजच्या भरवशाची नाहीत. सोयाबीनच्या वड्या कोरड्या 100 ग्रॅमला 50 ग्रॅम प्रथिनं देतात. वास येतो कारण लोक फक्त भिजवतात. मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, पिळा, गार पाण्यात धुऊन पुन्हा पिळा, मग दही-मसाल्यात अर्धा तास ठेवून तेलावर परता.

पण हे सगळं शोधण्याआधी जुन्नरकडची मासवडी करा की! नाव माशाचं, आत बेसन, तीळ, खसखस आणि खोबरं. वाटीभर बेसनाला दीड वाटी पाणी, घट्ट पिठल्यासारखं शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, सारण भरून दुमडायचं. बेसन कच्चं राहिलं तर वडी रश्श्यात फुटते, म्हणून झाकण ठेवून वाफ नीट आणा आणि वडी ताटात वाढतानाच रश्श्यात सोडा.

बांधावरून:
जीव मारायला नको हेच कारण असेल तर मोजणीही त्याच हिशोबाने करा. लोक आधी मटण सोडतात आणि चिकन वाढवतात. हे उलटं आहे. एका बोकडाचं दहा-बारा किलो मटण होतं, एका कोंबडीचं किलो-सव्वा किलो. मांदेली आणि जवळ्याचा तर हिशोबच नको. अंड्यांसाठीच्या जातीतली नर पिल्लं हॅचरीत पहिल्याच दिवशी मारतात. आणि दूध? म्हैस व्याल्याशिवाय देत नाही, रेडा झाला तर गोठ्याला त्याचा उपयोग नाही. राज्यात 2015 पासून गाईंबरोबर बैल आणि वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे, म्हशी-रेड्यांना नाही. दूध सोडा असं म्हणत नाही. फक्त 'कुणाला काही होत नाही' या समजुतीत राहू नका.

पौडफाटा:
दूध सुटणार नाही, तेवढा पक्का नाही मी. चिकन आधी हे पटलं, अंडी त्यानंतर. ओट्याचं राहिलं.

पाटावरवंटा:
वाटण एकच करा, परतून झालं की दोन पातेल्यांत वाटा आणि मग एकात चिकन टाका. 'रस्साच घे, पीस नको' ही घरोघरची पळवाट आहे. ती चालणार आहे की नाही हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर दर रविवारी वाद. तळणीचं तेल वेगळं, डाव वेगळा. माशाचा वास अमाइनचा असतो, साबणाआधी चिंचेच्या कोळाने किंवा लिंबाच्या सालीने भांडं घासलं की जातो. विकतचा केक, मेयोनीज घेताना खूण बघा. अंडं असलं तरी तपकिरीच असते.

गावच्या जत्रेला निघण्याआधी फोन करून ठेवा. ऐन पंगतीत सांगितलंत तर तुमच्या वाट्याला भात आणि लोणचं.